पाइप झाडला तरी धूर घरातच : धुराड्याची तपासणी कुठून आणि कधी करावी

चुलीला धुराडे आहे, त्याचा पाइप स्लॅबच्या वर नेलेला आहे, तो मागच्याच महिन्यात झाडलेला आहे आणि तरीही सकाळी भाकरीला बसले की धूर चुलीच्या तोंडातून उलटा स्वयंपाकघरात येतो. ही तक्रार औसा तालुक्यातील आमच्या गावात मी अनेक घरांतून ऐकली आहे आणि आमच्या घरात ती चार वर्षे सोसली आहे. दुरुस्ती केली की पंधरा दिवस, फार तर दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. त्यामुळे शेवटी चूलच वाईट, मिस्त्रीच वाईट किंवा जागेलाच दोष असे ठरवून लोक गप्प बसतात. आम्हीही बसलो होतो. पुढे नेमके काय बिघडत होते ते टप्प्याटप्प्याने उलगडले, आणि ज्यांच्या घरी हीच अडचण पुन्हा पुन्हा येते त्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

गॅस असताना चूल कशाला, असा प्रश्न शहरातील वाचकांना पडेल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर आमच्या भागातील बहुतेक घरांत सिलिंडर आला हे खरे आहे. परंतु ज्वारीच्या भाकरी, आंघोळीचे पाणी, दूध तापवणे आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक ही कामे अजूनही चुलीवरच होतात, कारण तुराट्या (तुरीची वाळलेली झाडे) आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) शेतातून फुकट येतात आणि सिलिंडर विकत आणावा लागतो. गॅस आल्यामुळे धुराड्याची एक नवीच अडचण निर्माण झाली आहे. पूर्वी चूल दोन्ही वेळा पेटत असे, आता ती कधी कधी आठ-दहा दिवस थंड राहते, आणि थंड, शांत, आडोशाचा पाइप म्हणजे साळुंकीला घरट्यासाठी अगदी योग्य जागा असते.

आमच्या भागात धुराचा प्रश्न एवढा का वाढला, याचे मूळ घरांच्या बांधणीत आहे. जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचे जाड सपाट छत असलेल्या, घरात धुरासाठी आणि उजेडासाठी छताला सानं ठेवलेले असे; पावसात त्यावर पत्रा सरकवत आणि एरवी ते उघडे असे. धूर घरात रेंगाळत असे, तुळया काळ्या होत, पण त्याला वर जायला एक मोठी, कधीही न चोंदणारी वाट होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे जड माळवद यांनी किती माणसे गाडली हे आम्ही पाहिले. त्यानंतर लोकांनी माळवदे सोडली आणि स्लॅबची घरे बांधली, ते योग्यच झाले. परंतु स्लॅबला सानं नसते. दोन हात रुंदीच्या त्या वाटेचे काम आता चार इंची पाइपावर आले, आणि सान्याकडे जसे वर्षानुवर्षे पाहावे लागत नसे तसेच पाइपाकडेही पाहावे लागणार नाही, असे आपण नकळत गृहीत धरले. माझ्या मते या सगळ्या त्रासाचे मूळ त्या गृहीतकात आहे.

आमच्याकडे पहिल्यांदा धूर परतला तो जुलै महिन्यात. पतींनी पाइपाचा खालचा तुकडा सोडवला, दगडावर आपटून काजळी पाडली आणि परत बसवला. तीन आठवडे चूल उत्तम चालली आणि नंतर पुन्हा धूर येऊ लागला. दुसऱ्या वेळी मिस्त्रींना बोलावून चूलच नव्याने घालून घेतली. तोंड थोडे लहान केले, वैल (चुलीला जोडलेली मागची लहान चूल) जरा मागे सरकवला. ती दिवाळीपर्यंत टिकली. तिसऱ्या वेळी मात्र आम्ही जी चूक केली ती सांगताना मला आजही अस्वस्थ वाटते, कारण ती जिवावर बेतू शकली असती.

धूर घालवायचा म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. तो सुरू केला की धूर खरोखरच डोळ्यांना कमी जाणवत असे, त्यामुळे उपाय सापडला असे आम्हाला वाटले. जानेवारीतील एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री सासूबाई ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झोपल्या, दारे-खिडक्या बंद होत्या, चुलीत निखारे होते आणि पंखा सुरूच राहिला होता. पहाटे त्या उठल्या तेव्हा डोके फुटेल इतके दुखत होते, मळमळत होते आणि उंबरठा ओलांडताना त्यांचा तोल गेला. ओट्यावर नेऊन मोकळ्या हवेत बसवल्यावर तासाभरात त्यांना बरे वाटले, तेव्हा आम्ही पित्त म्हणून सोडून दिले. मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांना कार्बन मोनॉक्साइडबद्दल सांगते. तरीही घरात तेच घडले आहे हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

पंखा का उलटला

बंद खोलीतून पंखा हवा बाहेर फेकतो, तेव्हा तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दार बंद, खिडकी बंद, म्हणजे उरलेली एकच उघडी वाट धुराड्याची असते. म्हणून हवा पाइपातून खाली येते आणि येताना चुलीतील वायू सोबत आणते. निखाऱ्यांना धूर फारसा नसतो, त्यामुळे काही दिसत नाही. परंतु पुरेशी हवा न मिळालेले निखारे भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने ठसका लागत नाही की डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी शरीराला मिळणारा ऑक्सिजन कमी होत जातो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. घरातील एकाहून अधिक माणसांना ती एकाच वेळी जाणवत असतील आणि बाहेर गेल्यावर कमी होत असतील, तर पित्त किंवा ताप समजून झोपून राहू नये. सर्वांनी ताबडतोब घराबाहेर यावे, दारे उघडावीत आणि दवाखान्यात गेल्यावर चुलीचा किंवा शेगडीचा उल्लेख डॉक्टरांजवळ आवर्जून करावा, कारण सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणे कठीण असते.

धूर दिसणे हा आपल्याला मिळालेला इशारा आहे. पंखा लावून आम्ही तो इशारा बंद केला आणि दोष तसाच ठेवला. ज्या घरात चूल आणि पंखा दोन्ही आहेत तिथे चूल पेटलेली असताना पंख्याच्या समोरची एक खिडकी किंवा दार वीतभर तरी उघडे असलेच पाहिजे, आणि निखारे पूर्ण विझल्याशिवाय त्या खोलीत कोणी झोपू नये, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

धूर कधी येतो, ते लिहून ठेवा

त्यानंतर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहायला सुरुवात केली: धूर आला की नाही, किती वेळ आला, जळण कोणते होते, वारा कोणत्या दिशेचा होता. सासूबाई म्हणाल्या, "धुराचा काय हिशोब ठेवायचा गं?" पण त्या हिशोबानेच उत्तर दिले. चार-पाच महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा दिसले की आमच्या घरात धुराचे एक कारण नव्हते, चार होती. आम्ही दर वेळी त्यांपैकी एक दूर करत होतो आणि उरलेल्यांपैकी कोणते तरी पुढच्या हंगामात डोके वर काढत होते. म्हणून समस्या एकच वाटत होती आणि उपाय फसल्यासारखा वाटत होता.

फक्त पेटवताना पाच-दहा मिनिटे धूर येतो आणि नंतर थांबतो, असे असेल तर दोष बहुधा मोठा नाही. रात्रभर थंड झालेल्या पाइपात जड, गार हवा भरलेली असते आणि ती धुराला वर जाऊ देत नाही. पाइपाच्या तळाशी असलेल्या झाकणातून एक कागद पेटवून आत धरला की आतील हवा तापते, वर सरकू लागते आणि मग चूल पेटवली की धूर सरळ जातो. मात्र कागद धरल्यावर त्याची ज्योत आत ओढली न जाता आपल्याकडे वळत असेल तर चूल पेटवू नये. वाट कुठेतरी बंद आहे.

चूल चांगली तापल्यावरही धूर सतत येतो, जाळ मंद पडतो आणि दिवसेंदिवस त्रास वाढत जातो, याचा अर्थ पाइप आतून भरत आला आहे. याचे गणित साधे आहे आणि ते मी मुलांनाही घालते. पाइप आतून चार इंचांचा असेल आणि चहूबाजूंनी अर्धा इंच काजळी बसली, तर उरलेली वाट तीन इंचांची होते. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे धुराला मिळणारी जागा जवळपास ५६ टक्केच राहते. थर एक इंचाचा झाला तर जागा फक्त चौथाई उरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अजून निम्मा पाइप मोकळा आहे.

आमची पहिली चूक इथे होती. पाइपाचा खालचा तुकडा आपटून स्वच्छ केला होता, पण काजळी तिथे सर्वांत कमी असते, कारण तो भाग गरम राहतो. वर जाताना धूर थंड होतो आणि त्यातील न जळालेले चिकट पदार्थ पाइपाच्या वरच्या भागावर, टोपीवर आणि वळणांवर गोठून बसतात. हाताला येतो तो भाग स्वच्छ आणि हाताला न येणारा भाग भरलेला, अशी स्थिती असते. आमच्या पाइपाला भिंतीतून बाहेर जाताना दोन काटकोनी वळणे होती. पती शिडीवर चढून दुसऱ्या वळणात हात घालायला गेले तेव्हा तिथे राख, काजळी आणि साळुंकीच्या घरट्यातील काड्या यांचा असा बोळा निघाला की धूर बाहेर जात होता हेच नवल वाटले.

ओढ कमी होण्याचे आणखी एक कारण जळणात असते. धुराडे धूर ओढते ते आतील हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि म्हणून हलकी असते म्हणून. बाहेर ३० अंश सेल्सियस असताना पाइपातील हवा २०० अंशांवरून ८० अंशांवर आली तर ओढ निम्म्याहूनही कमी होते. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातील पाणी उकळण्यातच जाते, धूर थंड निघतो, ओढ घटते आणि तोच थंड, दमट धूर पाइपात जास्त चिकटतो. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेल्या पऱ्हाट्या जाळल्या की आमच्या नोंदवहीत त्या आठवड्यात हमखास धूर दिसतो. मे महिन्यात भर दुपारी बाहेरचीच हवा ४२-४३ अंशांवर असल्यामुळे ओढ आणखी कमी पडते. त्या दिवसांत धूर जरा घोटाळला तर लगेच पाइप दोषी ठरवू नये, पण संध्याकाळीही तसेच असेल तर पाहावे.

तिसरी नोंद मला सर्वांत उपयोगाची वाटली. जून ते सप्टेंबर या काळात, वारा पश्चिमेकडून असेल तेव्हाच, धूर एकदम भपकाऱ्याने खाली येत असे आणि वारा पडला की थांबत असे. हा काजळीचा दोष असू शकत नाही, कारण काजळी वाऱ्याबरोबर येत-जात नाही. गच्चीवर जाऊन पाहिले तर पाइपाच्या पश्चिमेस चार-पाच हातांवर आम्ही दोन वर्षांपूर्वी पाण्याची काळी टाकी बसवली होती आणि पाइपाचे टोक टाकीच्या माथ्याहून खाली होते. टाकीवरून येणारा वारा पलीकडे गिरकी घेऊन खाली उतरतो आणि नेमका पाइपाच्या तोंडावर आदळतो. धुराडे बांधताना अनेक देशांत पाळला जाणारा हिशेब असा आहे की पाइप छतातून जिथे बाहेर पडतो तिथून तो किमान तीन फूट वर असावा आणि सभोवती दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, मग ती टाकी असो, कठडा असो की शेजाऱ्याचा नवा मजला, त्याहून त्याचे टोक किमान दोन फूट उंच असावे. आम्ही साडेतीन फुटांचा तुकडा वर जोडला, तीन बाजूंनी तारेचे ताण दिले आणि पश्चिमेच्या वाऱ्याचा त्रास त्याच दिवशी संपला. चुलीला हात न लावता!

चौथे कारण टोपीचे होते. पक्षी येऊ नयेत म्हणून आम्ही टोपीखाली बारीक जाळी बसवली होती. पिठाच्या चाळणीसारख्या जाळीवर काजळी काही आठवड्यांतच बसते आणि ती पूर्ण बंद होते. जाळी हवीच, पण तिची छिद्रे अर्ध्या इंचाची असावीत, आणि टोपी पाइपाच्या तोंडापासून पाइपाच्या रुंदीइतकी तरी वर असावी.

आग लागण्याचा धोका

धुराने डोळे चुरचुरतात म्हणून लोक त्याची दखल घेतात. पाइपातील थर पेट घेऊ शकतो याची मात्र फारशी चर्चा होत नाही, म्हणून इथे थोडे थांबून लिहिते.

काजळी तीन रूपांत दिसते. बोटाने पुसली जाणारी भुकटी असेल तर ती झाडूने निघते. पापुद्र्यांसारखे काळे तुकडे असतील तर खरडावे लागते. आणि डांबर ओतल्यासारखा चकाकणारा, कडक थर असेल तर चूल वापरणे थांबवून पाइपच बदलावा, कारण तो थर झाडूने निघत नाही आणि तो सर्वांत जास्त ज्वलनशील असतो. जाड थर पेटला की आतले तापमान हजार अंशांपर्यंत जाऊ शकते. पत्र्याचा पाइप लाल होतो, सिमेंटचा तडकतो. जिथे पाइप अजूनही लाकडी छतातून, तुळईला किंवा किलचांना (छताच्या लाकडी पट्ट्यांना) लागून जातो तिथे धोका कित्येक पटींनी अधिक आहे. वर्षानुवर्षे शेकलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि नव्या लाकडापेक्षा कितीतरी कमी उष्णतेवर पेट घेते. अशा ठिकाणी पाइप आणि लाकूड यांच्यात वीतभर मोकळी जागा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा असावा.

छतावर काय ठेवले आहे तेही तपासणीत धरावे. पऱ्हाट्या आणि पाचट यांचा जाळ भरभर होतो आणि ठिणग्या उडतात. कडब्याच्या पेंढ्या, तुराट्यांचे भारे, गोवऱ्या, वाळत घातलेली धान्याची पोती पाइपाजवळ रचून ठेवण्याची सवय आमच्या गावात अनेक घरांत आहे, कारण ती जागा उबदार आणि कोरडी असते. त्या जागेपासून ती दूर हलवावीत.

पाइपातून घरघर किंवा गुरगुर असा आवाज येऊ लागला, टोपीतून ज्वाळा किंवा ठिणग्यांचा झोत दिसला, तर आत आग लागली आहे. सर्वांना बाहेर काढावे, शक्य असेल तर चुलीचे आणि वैलाचे तोंड पत्र्याने झाकून हवा तोडावी, सिलिंडर बाहेर न्यावा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. पाइपात वरून पाणी ओतू नये. तापलेला पाइप फुटतो आणि वाफ माणसावर येते. आग विझली तरी तो पाइप नीट पाहिल्याशिवाय पुन्हा वापरू नये. काजळी काढण्यासाठी पाइप मुद्दाम पेटवून देणे, असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. तो कोणीही ऐकू नये.

तपासणी प्रत्यक्ष कशी करावी

चूल विझून किमान एक रात्र गेलेली असावी. नाकातोंडाला ओले फडके बांधावे, डोळ्यांना चष्मा असावा, आणि गच्चीवर चढणारा माणूस एकटा नसावा. सुरुवात वरून करावी. आम्ही नेहमी खालून सुरुवात करत होतो आणि तिथेच थांबत होतो. टोपी काढून मोबाइलच्या उजेडात आत पाहावे. खाली दुसऱ्या माणसाने झाकणापाशी आरसा धरला की पाइप सरळ असल्यास वरचा उजेड त्यात दिसतो. उजेडाचे वर्तुळ पूर्ण गोल दिसते का, की एका बाजूने खाल्लेले दिसते, हे पाहिले की अर्धे काम झाले. नंतर दोरीला वजन आणि काथ्याचा घट्ट बोळा बांधून तो वरून खाली आणि खालून वर चार-पाच वेळा ओढावा. थराची जाडी तीन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी पोहोचली असेल तर पुढील तारखेची वाट न पाहता सफाई करावी.

पाइप सिमेंटचा असेल तर एक महत्त्वाची काळजी घ्यावी. चुलींना बसवलेल्या जुन्या सिमेंटच्या पाइपांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर पुढे अनेक वर्षांनी गंभीर आजार होऊ शकतात. असा पाइप कोरडा खरवडू नये, करवतीने कापू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. आतून पाण्याने ओला करून मऊ काथ्यानेच पुसावा आणि तडा गेला असेल तर सरळ बदलून टाकावा. त्याच्या जागी प्लॅस्टिकचा पांढरा नळ बसवलेला मी पाहिला आहे. तो उष्णतेने वाकतो आणि पेटला तर विषारी धूर सोडतो, म्हणून तो धुराड्याला कधीही वापरू नये. जाड लोखंडी पत्र्याचा पाइप योग्य.

त्यानंतर वळणे पाहावीत. आम्ही खालचे काटकोनी वळण काढून तिथे तीन तोंडांचा जोड बसवला, ज्याचे एक तोंड खाली झाकणाने बंद होते. आता महिन्यातून एकदा झाकण उघडून राख काढायला दोन मिनिटे लागतात. भिंतीच्या भोकाभोवतीचा सिमेंटचा लेप सुटला आहे का, स्लॅबजवळ काळसर-तपकिरी ओघळ आले आहेत का, हेही पाहावे. असे ओघळ म्हणजे पावसाचे पाणी पाइपात शिरून काजळी धुऊन आणत आहे. शेवटी चूल पेटवण्यापूर्वी अगरबत्ती लावून प्रत्येक सांध्याजवळून फिरवावी. धूर सांध्यात ओढला जात असेल तर तिथे फट आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकात धुराड्याची तपासणी वर्षातून किमान एकदा करावी असे म्हटले आहे. ते मानक तिथल्या घरांसाठी आहे आणि तिथे शेकोटी बहुधा हिवाळ्यातच पेटते. आपली चूल बारा महिने पेटते आणि तिच्यात ओले-सुके सारेच जाते, म्हणून वर्षातून एक वेळ मला पुरेशी वाटत नाही. आम्ही तीन वेळा करतो. मृगाच्या आधी, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडण्यापूर्वी, टोपी, ताण आणि भोकाभोवतीचा लेप पाहून घेतो. दसऱ्यानंतर, थंडीत दारे बंद होण्याआधी, पूर्ण सफाई करतो. ही सर्वांत महत्त्वाची, कारण पावसाळ्यातील ओल्या जळणाचा सगळा थर तेव्हा पाइपात असतो आणि पुढचे चार महिने घर बंद राहणार असते. तिसरी होळीच्या सुमारास, जेव्हा शेतातील तुराट्या आणि पऱ्हाट्या घरी येऊन पडतात आणि पक्ष्यांची घरटी सुरू होतात.

शहरातील यंत्राची चिमणी

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील घरांत ओट्यावर विजेची चिमणी असते. तिथे काजळीऐवजी तेलाचा थर असतो, आणि येसर, काळा मसाला, खमंग फोडण्या यांमुळे तो आपल्याकडे लवकर बसतो. तिथेही चूक तीच होते: दिसणारी जाळी धुतली जाते आणि मागची नळी वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. मिरच्या भाजल्यावर ठसका शेजारच्या खोलीत पोहोचत असेल, आवाज वाढला असेल किंवा कडेने तेल ठिबकत असेल तर नळी उघडून पाहावी. लवचीक अ‍ॅल्युमिनियमची नळी मध्येच लोंबत असेल तर त्या पोटात तेल साचते, आणि कढईतील जाळ वर गेला तर ते पेटू शकते. बाहेरचे झाकण उघडते की चिकटून बसले आहे, हेही पाहावे. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती कॉस्टिक सोड्यात घालू नये, धातू खाल्ला जातो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. चिमणीत जाळ दिसला तर पंखा आधी बंद करावा, कारण तोच आगीला हवा देतो, आणि लगेच गॅस बंद करावा. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरबद्दल मात्र एवढेच लिहिते की कार्बन मोनॉक्साइडविषयी वर जे सांगितले ते सर्व त्यालाही तंतोतंत लागू आहे. बाहेर जाणारी नळी नसलेला गीझर न्हाणीत बसवूच नये.

धूर काही नवा नाही, आमच्या आयांनी आयुष्यभर खाल्ला, असे उत्तर मला अनेकदा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख लोकांचे अकाली मृत्यू झाले. सासूबाईंचा सकाळचा खोकला हा त्यांच्या वयाचा नसून त्यांनी चाळीस वर्षे फुंकलेल्या चुलीचा आहे, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. त्यामुळे हे उत्तर मला मान्य करता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॅलेंडरवर धुराच्या नोंदी तीनच होत्या आणि तिन्ही ओल्या पऱ्हाट्यांच्या दिवसांच्या होत्या. आता जळणासाठी गोठ्याच्या बाजूला पत्र्याचे छप्पर घातले आहे. वरच्या सिमेंटच्या तुकड्याला केसाएवढा तडा दिसतो आहे, म्हणून यंदा दसऱ्यानंतरच्या सफाईत तो काढून लोखंडी पाइप बसवायचा आहे. भिंतीतील भोकाचे माप सव्वापाच इंच निघाले आहे, आणि ते मिस्त्रींना सांगण्यासाठी कॅलेंडरच्या त्याच पानावर लिहून ठेवले आहे.